अडून बसलेलं गाणं : ब्लॉन्डीचं 'हार्ट ऑफ ग्लास'

दक्षिणवारा

एप्रिल २०२५ मध्ये ब्लॉन्डी बँडचा ड्रमर क्लेम बर्क गेल्याची बातमी आली त्या रात्री 'हार्ट ऑफ ग्लास' लावलं आणि झोप येईपर्यंत तेच ऐकत बसलो. कॉलेजपासून ऐकतोय हे गाणं, पण कान कायम डेबी हॅरीच्या आवाजाकडे असायचा. त्या रात्री पहिल्यांदा फक्त ड्रमच्या मागोमाग गेलो. तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळतेय. या गाण्याबद्दल नेहमी बोललं जातं की पंकवाल्या (पंक म्हणजे वेगवान, खडबडीत, बंडखोर रॉक) बँडने पैसा दिसताच डिस्कोची वाट धरली. मला हे अजिबात पटत नाही. का, ते सविस्तर लिहितो.

ज्यांनी बँडचं नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ब्लॉन्डी हा न्यूयॉर्कचा बँड, १९७४ पासूनचा. डेबी हॅरी गायिका, क्रिस स्टाइन आणि फ्रँक इन्फँटे गिटारवर, जिमी डेस्ट्री कीबोर्डवर, नायजेल हॅरिसन बासवर आणि क्लेम बर्क ड्रमवर. मॅनहॅटनमध्ये बाउरी नावाच्या रस्त्यावर सीबीजीबी हा लांबट, अंधारा बार होता. रमोन्स, टेलिव्हिजन, टॉकिंग हेड्स, पॅटी स्मिथ ही सगळी मंडळी तिथल्या छोट्या मंचावरून पुढे आली. ब्लॉन्डीही त्यांच्यातलेच.

आता गाण्याकडे. हॅरी आणि स्टाइन यांनी ते बँडच्या अगदी सुरुवातीच्या काळात रचलं. १९७५ च्या डेमोवर त्याचं नाव 'वन्स आय हॅड अ लव्ह' असं आहे. चाल संथ, थोडी फंककडे झुकणारी. आपसात मात्र बँडमधले सगळे त्याला 'डिस्को साँग' म्हणत. म्हणजे १९७९ मध्ये चार्टवर येण्याच्या चार वर्षं आधी, खिशात दमडी नसताना, हे गाणं त्यांच्यासाठी डिस्कोचंच होतं. कुणाला खूश करण्यासाठी हे नाव दिलं असेल? तेव्हा ऐकायलाच कोण होतं!

पण ते गाणं जमत नव्हतं. संथ गाणं म्हणून करून पाहिलं, रेगे करून पाहिलं, दरवेळी कुठेतरी अडायचं. पहिले दोन अल्बम आले आणि गेले, हे मागेच राहिलं. १९७८ च्या उन्हाळ्यात तिसऱ्या अल्बमसाठी, 'पॅरलल लाइन्स'साठी, माइक चॅपमन निर्माता म्हणून आला. हा मूळचा ऑस्ट्रेलियन, इंग्लंडमध्ये स्वीट, मड, सुझी क्वात्रो यांची एकामागून एक गाणी गाजवलेला. त्याने बँडकडची सगळी गाणी ऐकली आणि विचारलं, आणखी काही आहे का? तेव्हा यांनी हे जुनं गाणं काढलं. हॅरीला कुणाचं संगीत आवडतं असं त्याने विचारलं तर तिने डिस्को गायिका डोना समरचं नाव घेतलं. तिथून दिशा ठरली.

पुढचा भाग मला सगळ्यात प्रिय आहे. रोलंड कंपनीचं सीआर-७८ हे तालयंत्र त्याच वर्षी बाजारात आलं होतं. गाण्याच्या सुरुवातीला जो टिकटिक करणारा, थोडा लाकडी, थोडा पाण्याच्या थेंबासारखा आवाज येतो तो त्याचा. आज संगणकावर यंत्र आणि माणूस एका क्षणात जुळतात. तेव्हा वाद्यं एकमेकांना जोडणारी 'मिडी' पद्धतच नव्हती, ती १९८३ ची. त्यामुळे यंत्राची टिकटिक आधी टेपवर घ्यायची आणि मग हाडामांसाच्या ड्रमरने तिच्यावर तंतोतंत बसायचं, एवढाच मार्ग होता. चॅपमनने बर्ककडून ड्रमचे भाग सुटे सुटे वाजवून घेतले. आधी नुसता पायाचा ड्रम, गाणंभर. मग बाकीचं. तासन् तास.

बर्क हा 'द हू' बँडचा ड्रमर कीथ मून याचा भक्त. हात मोकळा सोडून, धबधब्यासारखं वाजवणारा. त्याला सांगितलं की चार मिनिटं फक्त पाय, तोही यंत्राच्या टिकटिकीवर, केसभरही मागेपुढे नको. त्याने ते केलं. हाय-हॅटच्या, म्हणजे ड्रमच्या जोडझांजांच्या, वाजवण्यात त्याने 'सॅटर्डे नाइट फीव्हर' या डिस्कोवरच्या सिनेमाच्या गाण्यांचा धडा गिरवला होता, हे तो मोकळेपणाने सांगायचा. बँडमधल्या सोबत्यांनी असंही सांगितलंय की हे गाणं मंचावर वाजवायला तो सुरुवातीला तयार नव्हता, गाणं गाजलं तेव्हा 'आता वाजवावंच लागणार' म्हणून तयार झाला. मनाविरुद्धचं काम इतकं निगुतीने करणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो.

आणि हो, स्टाइन आणि डेस्ट्रीच्या डोक्यात डिस्कोइतकंच क्राफ्टवर्क होतं, म्हणजे जर्मनीचं यंत्रसंगीत. म्हणून हे गाणं ऐकताना एकाच वेळी नाचावंसंही वाटतं आणि गारही वाटतं.

तुमचं काय मत?

गच्चीवरून

फार सुंदर लिहिलंय. मला हे गाणं फक्त 'जुन्या इंग्रजी गाण्यांच्या' याद्यांमधून माहीत होतं, त्यामागे इतकं असेल असं वाटलं नव्हतं. आता हेडफोन लावून ऐकलं. सुरुवातीची टिकटिक खरंच वेगळी कळते, आणि बर्कचा पाय तिच्यावर कधी येऊन बसतो तेही.

एक विचारते. व्हिडिओ स्टुडिओ ५४ मध्ये, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या प्रसिद्ध डिस्को क्लबमध्ये, केला होता ना?

दक्षिणवारा

> व्हिडिओ स्टुडिओ ५४ मध्ये केला होता ना?

नाही, हा जुना गैरसमज आहे. स्टॅनली डॉर्फमनने केलेल्या त्या व्हिडिओत सुरुवातीला न्यूयॉर्कची रात्रीची दृश्यं आहेत आणि त्यात स्टुडिओ ५४ ची पाटी दिसते, त्यामुळे सगळ्यांना तसं वाटतं. बँडचं चित्रण एका वेगळ्या, फार काळ न टिकलेल्या क्लबमध्ये झालं.

कोतवाल_वाडा

लेख आवडला, पण मी विरुद्ध बाजूला बसणार आहे, कारण मी त्या काळचा आहे.

१९८१-८२ ला मी मुंबईत इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात होतो. आमच्या मजल्यावर एकाच मुलाकडे टेपरेकॉर्डर होता आणि त्याच्या दुबईच्या मामाने आणलेल्या कॅसेटी. त्यात 'पॅरलल लाइन्स' होती. पहिलंच गाणं 'हँगिंग ऑन द टेलिफोन'. टेलिफोनची घंटी वाजते आणि त्यानंतर दोन-सव्वादोन मिनिटं श्वास घ्यायला उसंत नाही. आम्ही तोपर्यंत फक्त लांबलचक गिटारवाली रॉक गाणी ऐकलेली. हे ऐकून आम्ही सात-आठ जण जमिनीवर बसून एकमेकांकडे बघत राहिलो होतो, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

तीच कॅसेट उलटली की दुसऱ्या बाजूला चौथं गाणं 'हार्ट ऑफ ग्लास'. आमच्यासाठी ती निराशा होती. डिस्को आम्हाला पुरून उरला होता. १९८० ला 'कुर्बानी' आला, बिद्दूने चाल दिलेलं आणि नाझिया हसनने गायलेलं 'आप जैसा कोई' प्रत्येक लग्नात, प्रत्येक मंडपात. गाणं वाईट होतं असं म्हणत नाही, पण ते टाळून कुठे जाताच यायचं नाही. रॉक ही आमची त्यातून सुटायची जागा होती. आणि जिथे सुटायला गेलो तिथेही तोच धबधब पाय.

दक्षिणवारा, तुम्ही म्हणता बर्कने मनाविरुद्ध निगुतीने काम केलं. मला त्यात दुःख दिसतं. धबधब्याला नळ बसवला. पहिल्या गाण्यात जो धोका आहे, आता काहीही होईल असं जे वाटतं, ते या गाण्यात नाही. इथे सगळं आधीच ठरलेलं आहे. गाणं नीटस आहे, हे मान्य. पण नीटसपणासाठी आम्ही त्या बँडकडे गेलो नव्हतो.

वेताळटेकडी

कोतवालकाका, तुमच्या वसतिगृहाची गोष्ट वाचताना ती खोली डोळ्यांसमोर आली. पण 'डिस्को टाळायची जागा म्हणजे रॉक' या वाक्यापाशी मला थांबायचंय. तुमच्याबद्दल नाही बोलत. तुमच्याकडे डिस्को सिनेमातून, लाउडस्पीकरवरून आला, तो सत्तेत असलेल्या संगीतासारखा आला. अमेरिकेत त्याचा जन्म नेमका उलट बाजूला झाला होता.

डिस्को उगवला तो न्यूयॉर्कमधल्या काळ्या, लॅटिन अमेरिकन आणि समलिंगी लोकांच्या नाचाच्या जागांमध्ये. डेव्हिड मँकुसो १९७० पासून स्वतःच्या राहत्या जागेत, 'द लॉफ्ट'मध्ये, निमंत्रितांसाठी रात्रभर रेकॉर्डी वाजवायचा. दोन पुरुषांनी एकत्र नाचणं हे तोवर पोलिसांच्या धाडीचं कारण ठरू शकत होतं. ज्यांना बाहेर कुठेच मोकळेपणा नव्हता त्यांची ती जागा होती.

आणि मग १२ जुलै १९७९. शिकागोचं कोमिस्की पार्क, बेसबॉलचं मैदान. स्टीव्ह डाल या रेडिओ निवेदकाने जाहीर केलं की डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन या, ९८ सेंटमध्ये आत या. दोन सामन्यांच्या मध्ये त्या रेकॉर्डी मैदानाच्या मधोमध स्फोटाने उडवल्या. हजारो लोक मैदानात घुसले, दुसरा सामना खेळताच आला नाही, यजमान संघाला तो सोडून द्यावा लागला. लोकांनी आणलेल्या रेकॉर्डींमध्ये डिस्को नसलेल्या, नुसत्याच काळ्या गायकांच्या रेकॉर्डीही होत्या, असं तिथे काम करणाऱ्या एका तरुणाने नंतर सांगितलं.

तारखा शेजारी ठेवून बघा. 'हार्ट ऑफ ग्लास' फेब्रुवारी १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर, चार आठवडे. अमेरिकेत एप्रिलच्या शेवटी पहिल्या क्रमांकावर. शिकागोचा प्रकार त्यानंतर अडीच महिन्यांनी. ज्या वर्षी रॉकचे चाहते डिस्कोच्या रेकॉर्डी जाळत होते त्याच वर्षी सीबीजीबीतून आलेल्या बँडने उघडपणे सांगितलं, आम्हाला डोना समर आवडते. मला यात धोका दिसतो, काका. वेगळ्या जातीचा, पण धोकाच.

दक्षिणवारा

वेताळटेकडी, अगदी. त्यात एक भर घालतो. मे १९७८ मध्ये, म्हणजे हे गाणं ध्वनिमुद्रित होण्याच्या आधी, ब्लॉन्डीने सीबीजीबीच्याच मंचावर डोना समरचं 'आय फील लव्ह' वाजवलं होतं. निमित्त होतं जॉनी ब्लिट्झसाठी मदतनिधीचं. डेड बॉइज बँडचा हा ड्रमर रस्त्यावरच्या मारामारीत भोसकला गेला होता आणि त्याच्या औषधपाण्यासाठी सगळे एकत्र आले होते. पंकवाल्यांच्या घरात, पंकवाल्याच्या मदतीसाठी, डिस्को. म्हणजे लपूनछपून काही नव्हतं.

कोतवालकाका, तुमच्या निराशेचा मान राखून एक विचारतो. तुम्ही म्हणता सगळं ठरलेलं आहे. पण आवाजाचं काय?

अबोली_घाटगे

आवाजाबद्दल मला लिहायचंय, म्हणून लॉगिन केलं.

मी सुगम संगीत शिकले, सतरा वर्षं शिकवतेय. आपल्याकडे विरह म्हटला की आळवणं आलं. स्वर लांबवायचा, त्याला कंप द्यायचा, ऐकणाऱ्याच्या गळ्यात आवंढा आला पाहिजे. मी विद्यार्थिनींना हेच शिकवते आणि मला ते आवडतंही. पण हॅरी या गाण्यात यातलं काहीच करत नाही. ती वरच्या पट्टीत, जवळजवळ कुजबुजल्यासारखी हलकी गाते. प्रेम होतं, गेलं, फसवणूक निघाली, एवढंच. याचना नाही, शापही नाही. काच तडकली की तिचा तुकडा उचलून उजेडाकडे धरून बघावा, तसा सूर.

आणि हे सोपं नाही हो. इतक्या वर इतकं हलकं गाताना श्वासावर जबरदस्त ताबा लागतो. जोर लावला की आवाज स्थिर करणं सोपं जातं, जोर न लावता स्थिर ठेवणं कठीण. करून बघा कुणीही.

दुसरी गोष्ट. हॅरीचा जन्म जुलै १९४५ चा. गाणं अमेरिकेत पहिलं आलं तेव्हा ती तेहेतीस वर्षांची होती. त्याआधी वेट्रेसचं काम केलं, प्लेबॉय क्लबात 'बनी'चा, म्हणजे सशाच्या कानांचा, पोशाख घालून चाकरी केली, इतर बँडमध्ये मागच्या रांगेत गायली. विसाव्या वर्षीची मुलगी हे गाणं असं गाऊ शकली नसती असं मला मनापासून वाटतं. 'ठीक आहे, झालं' हे म्हणायला काही वर्षं जावी लागतात.

सम_खाली

मी तबल्याचा माणूस. पॉपमधलं मला कमी कळतं, पण धाग्यात ताल ताल चाललंय म्हणून ऐकलं, आणि मधल्या वाद्यांच्या तुकड्याने मला पकडलं.

गाणं चारच्या चौकटीत चालतं. एक दोन तीन चार, प्रत्येक मात्रेवर पायाचा ड्रम. गाणाऱ्या भागात टाळी धरून बसा, काही त्रास नाही. पण मध्ये जिथे गायन थांबतं आणि वाद्यं एकटी पुढे जातात, तिथे चार-चारने मोजत गेलात की टाळी निसटते. मीही दोनदा चुकलो. मग कळलं की त्या तुकड्यात चारच्या जोडीला तीनची मोजणी येते. चार आणि तीन. एक मात्रा गळते.

सात म्हटल्यावर आपल्याला लगेच रूपक आठवतो. तिं तिं ना, धिं ना, धिं ना. पण रूपकाशी याचं नातं जोडू नका, घडण वेगळी आहे. रूपकात समेवरच खाली, म्हणजे आवर्तनाचा उंबरठाच पोकळ ठेवलेला, आणि तीन-दोन-दोन अशी विभागणी. इथे चारचा नेम धरलाय आणि तो मध्येच एका मात्रेने आखूड केलाय.

मला अचंबा वेगळ्याच गोष्टीचा वाटला. एक मात्रा गळूनही नाचणाऱ्याचा पाय चुकत नाही. का? आमच्या ठेक्यात प्रत्येक मात्रेचा बोल वेगळा असतो. तीनतालातली एक मात्रा खाल्ली तर समोरच्या रांगेतलं पोरही मान वर करून बघेल. इथे पायाच्या ड्रमचा ठोका प्रत्येक मात्रेवर सारखाच. धब धब धब धब. त्याला पहिली कुठली, चौथी कुठली हे माहीतच नाही. त्यामुळे वरची चाल आखूड झाली तरी पाय आपला चालत राहतो. नाचणारा नाचतोय आणि त्याच्या डोक्यावरून चौकट सरकतेय, त्याला पत्ताच नाही.

कोतवालसाहेब म्हणतात धबधब पायामुळे सगळं ठरलेलं वाटतं. मी म्हणेन त्या धबधब पायामुळेच वरती ही मोकळीक घेता आली. असा ठाम पाया नसता तर ती मात्रा गाळायची हिंमत कुणी केली नसती.

गच्चीवरून

सम_खाली सर, दंडवत! तीन वेळा मोजलं, तिसऱ्या वेळी सापडलं. आता ते ऐकल्याशिवाय राहवतच नाही.

पॅसेइकची_पारू

न्यू जर्सीतून. हॅरी आमच्या इथली, हॉथॉर्न गावात वाढलेली. क्लेम बर्कही न्यू जर्सीचाच, बेयॉनचा.

दक्षिणवारांचा लेख वाचून गेल्या शनिवारी एक केलं. बाउरीवर जिथे सीबीजीबी होतं तिथून निघून वेस्ट ५४ व्या रस्त्यावर जिथे स्टुडिओ ५४ होतं तिथपर्यंत चालत गेले. सीबीजीबी ऑक्टोबर २००६ मध्ये बंद झालं, नंतर त्या जागेत कपड्यांचं महागडं दुकान आलं. स्टुडिओ ५४ आता नाट्यगृह आहे. दोन्हींमधलं अंतर पाच किलोमीटरच्या आसपास. रमतगमत, मध्ये चहा घेऊन, दीड तास लागला.

चालताना सारखं वाटत होतं, किती जवळ आहे हे सगळं! पुस्तकांमध्ये पंक आणि डिस्को दोन खंडांसारखे लिहिलेले असतात. प्रत्यक्षात एकाच शहरातली पोरं, एकाच भुयारी रेल्वेने फिरणारी, त्याच दिवाळखोरीला आलेल्या शहरात स्वस्त भाड्याने राहणारी. १९७५ मध्ये न्यूयॉर्क महापालिका खरोखर दिवाळ्याच्या उंबरठ्यावर होती. उजाड पडलेल्या इमारती, कमी भाडं, म्हणून कुणी गोदामात नाच सुरू केला, कुणी बारमध्ये गिटार. एकाच मातीत आलेली दोन झाडं.

वेताळटेकडी

पारूताई, 'पुस्तकांमध्ये दोन खंड' याला +१००. फोटो काढले असतील तर टाका ना.

मागवाला

इथे कुणी कपड्याबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो. मी इचलकरंजीचा, कापड छपाईतला.

व्हिडिओतला हॅरीचा तो एका खांद्याचा रुपेरी झगा स्टीव्हन स्प्राउसने केलेला. त्याने दूरदर्शनच्या पडद्यावरच्या आडव्या रेघांचा फोटो काढून तो कापडावर छापला. खाली सुती कापडाचा थर, वर शिफॉनचा. आता आमच्या धंद्यातला माणूस लगेच ओळखेल की इथे काय होतं. बारीक समांतर रेघा असलेलं पारदर्शक कापड दुसऱ्या थरावर हललं की रेघांमधून लाटा पळताना दिसतात. छपाईत हे चुकून झालं तर आम्ही माल बाजूला काढतो. स्प्राउसने तेच मुद्दाम घडवून आणलं. ती जवळजवळ उभ्या जागी डोलते, पण कापडावरच्या रेघा थांबत नाहीत. नाच तिने केला त्याहून जास्त त्या कापडाने केला.

टीव्हीच्या रेघा अंगावर घालून टीव्हीवर यायचं, ही कल्पनाच मला थोर वाटते. आणि सम_खाली सर जे म्हणाले ना, खाली स्थिर थर आणि वर सरकणारा थर, ते मला या झग्यातही दिसतं.

अनवट_नाद

कुठली आवृत्ती ऐकायची ते कुणी सांगेल का? मला एक चार मिनिटांच्या आतली सापडली आणि एक जवळजवळ सहा मिनिटांची.

दक्षिणवारा

अनवट_नाद, दोन्ही खऱ्या आहेत. सप्टेंबर १९७८ ला अल्बम आला तेव्हा त्यावरचं गाणं ३ मिनिटं ५४ सेकंदांचं होतं. नाचाच्या क्लबांसाठी बारा इंची रेकॉर्डवर ५ मिनिटं ५० सेकंदांची आवृत्ती निघाली, आणि गाणं गाजल्यावर अल्बमच्या पुढच्या छपाईत तीच लांब आवृत्ती घातली गेली. म्हणून काका, तुमच्या मित्राच्या कॅसेटवर कुठली होती हे ती कॅसेट कधीची यावर अवलंबून.

माझं मत विचाराल तर लांबवाली. तालयंत्राला आणि बासला श्वास घ्यायला जागा मिळते, आणि सम_खालींचा तो मधला तुकडाही नीट अनुभवता येतो. रेडिओवाल्या आवृत्तीत एका कडव्यातला ग्राम्य शब्द काढलेला असतो. ब्रिटनमध्ये रेडिओवर तेव्हा तो शब्द चालत नव्हता.

मागवाला, तुमचा प्रतिसाद वाचून व्हिडिओ पुन्हा पाहिला. रेघांच्या लाटा! चाळीस वेळा पाहिलेल्या गोष्टीत नवीन दिसलं, फार आभार.

अबोली_घाटगे

एक राहिलंच. यानंतर १९८० मध्ये जॉर्जिओ मोरोडर, म्हणजे डोना समरचाच निर्माता, आणि ब्लॉन्डी यांनी मिळून 'कॉल मी' केलं. अमेरिकेत सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर. तिथे हॅरी पूर्ण जोर लावून, जवळजवळ ओरडून गाते. दोन्ही लागोपाठ ऐका. म्हणजे 'हार्ट ऑफ ग्लास'मधला हलका आवाज ही तिची मर्यादा नव्हती, तिने निवडलेली गोष्ट होती, हे कळेल.

कोतवाल_वाडा

चार दिवस काही लिहिलं नाही कारण ऐकत होतो. लांब आवृत्ती, चांगल्या हेडफोनवर. आमच्या त्या टेपरेकॉर्डरवर तालयंत्राची टिकटिक ऐकूच यायची नाही, सगळा चिखल असायचा. म्हणजे मी चाळीस वर्षं ज्या गाण्यावर मत देत होतो त्यातलं निम्मं मला ऐकूच आलं नव्हतं. हे कबूल करतो.

सम_खालींची गळलेली मात्रा सापडली. अबोलीताईंनी सांगितलं तसा आवाज ऐकला. वेताळटेकडी, शिकागोचा प्रकार मला माहीत होता, पण आम्ही तेव्हा ती बातमी रॉकचा विजय म्हणून वाचली होती. कोण नाचत होतं आणि कुणाच्या रेकॉर्डी जाळल्या गेल्या हा प्रश्न आमच्या मजल्यावर कुणालाही पडला नाही. आज वाचताना वाईट वाटलं.

तरीही 'हँगिंग ऑन द टेलिफोन' आणि हे यात मला एकच गाणं निवडायचं असेल तर मी पहिलंच निवडेन. त्या जमिनीवर बसलेल्या सात-आठ जणांतले दोघे आता नाहीत. ती घंटी वाजली की ते परत येतात. हे मतभेदाचं कारण म्हणून चालेल ना?

दक्षिणवारा

काका, चालेल काय! ते गाणं आता मीही तुमच्या खोलीसकट ऐकणार.

सम_खाली

कालच्या वर्गात एक प्रयोग केला. सहा मुलं, वय दहा ते चौदा. गाणं लावलं आणि सांगितलं, मधल्या तुकड्यात हाताने टाळी द्या, चारवर. सगळी चुकली. मग सांगितलं, मोजू नका, फक्त पायाने ठोका धरा. एकही चुकलं नाही.

त्यातला सर्वात लहान मुलगा शेवटी म्हणाला, "सर, हे वाजवणाऱ्या काकांचा पाय दुखला नसेल का?" त्याला सांगितलं, नुसता पाय वाजवायला त्यांना कित्येक तास लागले होते. तो थोडा वेळ गप्प बसला आणि परत पहिल्यापासून लावायला सांगितलं.